दार क्रमांक सात

अशोक चौकाच्या मागे, पहिला मजला.
खाली झेरॉक्स, वर मी आणि तापलेला कॉम्प्युटर.
बाहेर त्रेचाळीस. पंखा वारा देत नाही, नुसता आवाज देतो.
पलीकडच्या कारखान्यात माग टॉवेल विणतायत,
त्या तालावर माझा माऊस चालतो
असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर तो अडकतो.

म्याकलांचं घर. तीस बाय पंचेचाळीस.
जागा काटकोनात नाही. दक्षिणेची बाजू
शेजारच्या शेडला बिचकून आत सरकलेली,
दीड अंश, फार नाही.
पण सॉफ्टवेअरला दीड अंश पटत नाही.
रेघ नेली की ते तिला ओढून सरळ करतं,
पाहुण्यांसमोर आई माझी ओढणी करायची तसं.
तीन दिवस छत भिंतीवर बसेना.
कोपऱ्यात एक फट, तिच्यातून पडद्यावरचं आभाळ दिसायचं,
निळं, फुकटचं.
चौथ्या दिवशी मी त्याची ती खोडच बंद केली.
वाकडी भिंत वाकडी काढली.
छत गुपचूप बसलं.

मग व्यंकटेश म्याकल आले, काखेत हेल्मेट,
नकाशावर वाकून बराच वेळ गप्प.
"मॅडम, हौद कुठं हाय?"
"आहे की. जमिनीखाली."
"खाली हाय ते मला बी कळतंय. कागदावर कुठं हाय?"
पाचव्या दिवशी नळाला पाणी येणाऱ्या गावात
हौद नसलेला कागद कोण हातात धरील?
मी तो बांधला होता, दहा हजार लिटरचा, झाकणासकट,
पण नकाशाची नजर फरशीपाशीच थांबत होती.
तिला सात फूट खाली बघायला लावलं.
तुटक रेघांत हौद वर आला.
म्याकलांनी त्यावर बोट टेकवलं,
ओल आहे का पाहावं तसं.

उरली दारांची यादी.
घरात दारं सहा. मी मोजली, त्यांनी मोजली,
चहावाल्या पोरानंही कपबशी ठेवून मोजली.
यादीत सात.
दा-७. तीन फुटी, सागवान, एक नग.
खोडलं की पुन्हा उगवायचं,
कारण यादी मी लिहीत नाही, ती मॉडेलमधून आपली आपण येते.
एकेक थर विझवत गेले. फर्निचर. नळ. जिना.
रात्री पावणेनऊला, पलीकडचे माग थांबले तेव्हा
सापडलं. उत्तरेला,
एकीवर एक काढलेल्या दोन भिंतींच्या पोटात.

मग आठवलं. पहिला आराखडा दोन घरांचा होता,
हे आणि धाकटे श्रीनिवास, मधे एक दार,
सणाला ताटं इकडची तिकडं जायला.
दिवाळीनंतर फोन आला, "मधे भिंत घ्या."
तेवढंच.
मी भिंत घेतली. दार काढायचं राहिलं.

सकाळी त्यांना दाखवलं. म्हटलं, चूक माझी, काढते आता.
त्यांनी हेल्मेटची काच वर केली, खाली केली.
"काढा. दार काढा.
पण लिंटेल राहू द्या तिथं.
वीट काय, वीट कधी बी फोडता येती.
वरचं वजन आधी कुणीतरी धरलेलं पायजे."

आता हे लिहायचं कुठे?
दारांत बसत नाही. खिडकीही नाही.
तुळयांच्या तक्त्यात घातलं तर रकाना कारण मागतो.
शेवटी एक बाण ओढला, शेजारी स्वतः टाईप केलं:
येथे सात फुटांवर लिंटेल. खाली वीटकाम.
यादी सहावर आली. चार प्रती काढल्या.

काल साइटवरून इरण्णा गवंड्याचा फोन.
"मॅडम, ह्या भिंतीत दार न्हाई, खिडकी न्हाई,
लिंटेल कशाला? सळई वाया जाती की."
"नकाशात आहे का?"
"हाय."
"मग टाक."